मान्य असल्यास वाय दाबा

दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप आला, "बारामतीत संगणक नवा नवा आला तेव्हाच्या गमतीजमती लिहा, वाचकांना आवडतील." गमती होत्या, नाही कशाला म्हणू? दोन-चार सांगतेच. पण नुसत्या गमती सांगून कागद बाजूला ठेवणं मला जमणार नाही, म्हणून पुढचंही लिहिते. वाचकांनी फराळ आटोपून मग वाचावं.

माझी बहुतेक नोकरी एका शाळेच्या कार्यालयात दाखले लिहिण्यात गेली. तिथे काही घडलं नाही आणि त्याबद्दल मी देवाचे नाही, पण मुख्याध्यापकांचे आभार मानते. त्याआधीची तीन वर्षं, नव्वदच्या दशकाच्या शेवटाला, मी वसंतरावांच्या एजन्सीत होते. वडील सोमेश्वरनगरच्या कारखान्यातून निवृत्त होऊन खाटेला लागलेले, भाऊ शिकत होता, घरात पगार माझा एकटीचा. टायपिंगच्या दोन परीक्षा आणि संगणकाचा सहा महिन्यांचा कोर्स एवढ्या भांडवलावर मी एस. टी. स्टँडमागच्या त्या गाळ्यात खुर्ची मिळवली. आमच्या वस्तीत संगणकासमोर बसणारी मी पहिली. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमची कुसुम टीव्हीवर काम करते."

वसंतराव पूर्वी औषध कंपनीचे प्रतिनिधी होते. बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात ताटकळण्याचा कंटाळा आला, म्हणून त्यांनी पुण्यातल्या एका कंपनीची बारामती आणि इंदापूर तालुक्यांची एजन्सी घेतली. माल म्हणजे पूरक आहार. औषध नाही, जेवण नाही, मधलंच काहीतरी. प्रथिनांची पावडर, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, लसणीच्या आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, अशक्तपणावर क्षारांची पूड. माल आमच्याकडे नसायचाच. आमच्याकडे होती ती यादी, आणि ती होती पुण्याच्या संगणकात.

आमच्या संगणकाशेजारी मोडेम नावाची एक चपटी डबी होती. ती पुण्याला फोन लावायची, थोडा वेळ किंचाळायची, आणि मग यादीची पानं एकेक ओळ करत पडद्यावर उतरायची. आता ह्याला ऑनलाइन म्हणतात. आम्ही 'लाइन लागली' म्हणायचो. पाऊस, उंदीर किंवा टेलिफोन खात्याचा वायरमन यांपैकी कोणाचीही मर्जी फिरली की लाइन जायची आणि अर्धी भरलेली मागणी पुन्हा पहिल्यापासून भरावी लागायची.

प्रत्येक मागणी पुढे जाण्याआधी एक पान यायचं. नियमांचं, इंग्रजीत. अकरा नियम होते. यादीतली माहिती म्हणजे डॉक्टरचा सल्ला नव्हे. चालू औषध बंद करू नये. एक खातं एका माणसाचं, आणि ज्याच्या नावाचं खातं त्यानेच माल वापरायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही. ज्याला किडनीचा, हृदयाचा विकार आहे त्याने चांदणीची खूण असलेल्या वस्तू घेऊ नयेत. असं बरंच. सगळ्यात खाली, मान्य असल्यास वाय दाबा, नसल्यास एन. एन दाबलं की लाइन बंद. वाय दाबलं की मागणी पुढे.

हे बटण ग्राहकाने दाबायचं, अशी पुण्याची समजूत होती. पण ग्राहक इंदापूरला आणि कळफलक बारामतीला. त्यामुळे मीच दाबायची. पहिल्या आठवड्यात मी ते पान नीट वाचलं. दुसऱ्या आठवड्यात नुसती नजर फिरवली. नंतर पान पुरतं उतरायच्या आधीच माझं बोट वायवर जायचं, कारण एस.टी.डी.चा मीटर पळत असायचा आणि वसंतराव खुर्चीमागे उभे असायचे. ग्राहकांना आम्ही एक रंगीत मराठी पुस्तिका द्यायचो. तीत फोटो होते, नियम नव्हते. जागा उरली नाही, असं वसंतराव म्हणायचे.

दर मंगळवारी मी इंदापूरला जायची. तिथे एका खताच्या दुकानाच्या ओट्यावर टेबल टाकून बसायचं, कागदी फॉर्म भरून घ्यायचे, दुसऱ्या दिवशी बारामतीत ते संगणकात चढवायचे आणि पार्सल आलं की पुढच्या मंगळवारी डबे वाटायचे. खताच्या दुकानामुळे घोटाळे व्हायचे. एकाने पुस्तिका उलटीपालटी करून विचारलं, "बाई, ही पावडर उसाला चालंल का?" मी म्हटलं, माणसांसाठी आहे. त्याचा चेहरा पडला. "मग ऱ्हाऊ द्या," म्हणाला आणि युरियाकडे वळला. एक पैलवान वजन वाढवायची पावडर घेऊन गेला आणि महिन्याने वडलांना घेऊन भांडायला आला. वजन वाढलं होतं, पण कुस्ती गेली होती. कुस्तीची जबाबदारी कंपनीवर नाही हे मी त्यांना तास खर्चून पटवलं. काहीजण आधी माझं आडनाव विचारायचे. ते कळल्यावर माझ्या तांब्यातलं पाणी प्यायचे नाहीत, पण ताकदीची पावडर माझ्याच हातून घ्यायचे. मलाही त्याचं हसू येण्याइतकी सवय झाली होती.

आता मुद्द्याचं सांगते. फॉर्मवर नाव, वय, पत्ता लिहायचा तर कागद हवा. कागद मागितला की इंदापूर तालुक्यातला माणूस एकच कागद काढतो, रेशनकार्ड. रेशनकार्डावर पहिलं नाव घरातल्या कर्त्या पुरुषाचं. मी तेच उतरवून घ्यायची. गोळ्या बायकोसाठी असोत, सुनेसाठी असोत की म्हातारीसाठी, खातं कर्त्याच्या नावाने. वीजबिल त्याचं, सातबारा त्याचा, कारखान्याचा शेअर त्याचा, मग गोळ्यांचा डबाही त्याचाच. मी एकदा-दोनदा म्हटलं, बाईंचं नाव सांगा. "बाईमाणसाचं नाव कशाला मशीनमधी घालताय?" असं उत्तर आलं. मीही जास्त ताणलं नाही. सुनेचं नाव घालायचं तर तिने येऊन सही करायला हवी, आणि सुना ओट्यावर येत नव्हत्या.

ह्याचा परिणाम असा की आमच्या संगणकाच्या मते साठीच्या पुरुषांना गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्या भारी आवडत होत्या. शेवटी पुण्याहून एका साहेबाचा फोन आला. तो चक्रावला होता. "मॅडम, तुमच्याकडे पुरुष बाळंत होतात का?" मी आणि वसंतराव पोट धरून हसलो. मी सगळा प्रकार सांगितला. तोही हसला. मग म्हणाला, "असं करू नका हं, ज्याचं खातं त्याचाच माल, चौथा नियम आहे." मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि पुढचा फॉर्म घेतला. तोही कोणातरी आबांच्या नावावरच्या गोळ्यांचा होता.

तीन वर्षांत नियम ऐकायचेत असं म्हणणारा माणूस एकच भेटला. आमच्याच समाजातले, निवृत्त शिक्षक. कॅल्शियम घ्यायला आले होते. फॉर्मच्या तळाला 'नियम मान्य' असं छापलेलं बघून म्हणाले, "कोणते नियम?" मी म्हटलं, संगणकात आहेत. "मग ते ऐकल्याशिवाय मी मान्य कसे करू, बाळ?" पुढच्या आठवड्यात मी ते उतरवून नेले आणि भर बाजारात अकरा नियम मराठीत वाचून दाखवले. मागे माणसं खोळंबली होती. गुरुजी शांतपणे ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "मग मला नको. आधी डॉक्टरला विचारतो." मला इतका राग आला होता! एवढा खटाटोप करून गिऱ्हाईक गेलं, म्हणून.

महादूतात्या आले ते त्यानंतर. इंदापूरच्या पुढे उजनीच्या पाण्याकडेला त्यांची वस्ती. पूर्वी घराण्यात मेंढरं होती, आता थोडा ऊस. साठीचा, उंच, वाळका माणूस. ओट्यावर टेकले, न विचारता माझा तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाई, ताकदीचं कायतरी द्या."

"कोणासाठी?"

"सुनंसाठी. रंजीसाठी. पोरगी झाल्यापास्नं अंगात तरान न्हाय तिच्या. पायाला सूज येती. चार पावलं चालली की बसती. बारामतीच्या डाक्टरकडं दोनदा नेऊन आणली. त्ये नुस्तं पथ्य सांगत्यात. ह्ये खाऊ नगं, त्ये खाऊ नगं. खाल्ल्याबिगर ताकद कुठनं यायची, तुमीच सांगा."

त्यांनी पुस्तिकेतली क्षारांची पूड स्वतःच निवडली. फोटोत एक बाई कडेवर मूल घेऊन हसत होती. मी रेशनकार्ड मागितलं. नाव लिहिलं महादेव, वय बासष्ट, पुरुष. मग आजारांच्या रकान्यांकडे आले आणि विचारलं, "तात्या, किडनीचा त्रास? हृदयाचा? साखर? बीपी?"

"मला?"

"फॉर्मवर नाव तुमचंय."

तात्या हसले. "मला न्हाय बा काय. आजून तालुक्याला चालत येतुया."

मी चारही रकान्यांत 'नाही' लिहिलं. त्यातलं एकही उत्तर खोटं नव्हतं. माणूस तेवढा चुकीचा होता.

सुनेबद्दल विचारायचं मला सुचलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. सुचलं होतं. पायाला सूज आणि डॉक्टरचं पथ्य हे शब्द कानावर पडले तेव्हा पेन क्षणभर थांबलं होतं. पण मागे सात-आठ माणसं उभी होती, साडेचारची गाडी गाठायची होती, आणि गुरुजींसारखा आणखी एक नकार मला नको होता. मी मनाशी म्हटलं, अशक्तपणाच तर आहे. दुसऱ्या दिवशी बारामतीत मागणी चढवली. त्या पुडीपुढे चांदणी होती. नियमांचं पान आलं. मी वाय दाबलं.

पुढच्या मंगळवारी तात्या डबा घेऊन गेले, आणि त्यानंतरच्या मंगळवारी मुद्दाम सांगायला आले की सुरू केलंय. तिसऱ्या आठवड्यात रंजना गेली. सकाळी चुलीपुढून उठली आणि पडली. बारामतीच्या दवाखान्यात आणेपर्यंत काही उरलं नव्हतं. तेवीस वर्षांची होती. पोरगी अजून अंगावर पीत होती.

डॉक्टरांनी विचारलं, हिला काय देत होता? तिचा नवरा, दत्तू, दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेला. डबा वाचून डॉक्टर त्याच्यावर ओरडले. तिच्या किडन्या अर्ध्याही चालत नव्हत्या. त्यांनी नारळपाणीसुद्धा बंद केलं होतं, केळं बंद केलं होतं, ते ज्या क्षारामुळे, तोच त्या डब्यात ठासून भरलेला. तो रक्तात साठत गेला आणि हृदय थांबलं. हे दत्तूने आम्हाला गाळ्यात येऊन सांगितलं. आवाज चढवला नाही. तो सांगत होता की तिला ती चव आवडत नव्हती, पण आबा सकाळ-संध्याकाळ स्वतः कालवून पेला तिच्या हातात द्यायचे आणि संपेपर्यंत समोर उभे राहायचे. "लेकीवानी करायचे तिचं," म्हणाला. बाकीच्यांचे तात्या होते ते दत्तूचे आबा.

वसंतरावांनी पुण्याला फोन लावला. पुण्याने फॉर्म फॅक्सने मागवला. नाव महादेव, विकार नाही. अर्ध्या तासात उलट फोन आला, आणि वसंतरावांचा चेहरा उजळलेला मला दिसला. दुसऱ्याच्या नावावरचा माल तिसऱ्याला दिला होता, चौथा नियम मोडला होता, कंपनीचा संबंध नव्हता. फक्त तसं लिहून घ्या, म्हणाले. मसुदा इंग्रजीत आला. तो मराठीत मी केला आणि मीच टाइप केला. 'मला सर्व नियम वाचून व समजावून सांगण्यात आले होते. तरीही मी माझ्या नावावर घेतलेला माल माझ्या मर्जीने दुसऱ्या व्यक्तीस दिला. त्यास मी स्वतः जबाबदार आहे.' टाइप करताना एकही चूक झाली नाही.

तात्या दत्तूबरोबर आले. दहा दिवसांत माणूस ओळखू येईना असा झाला होता. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. वसंतरावांनी सांगितलं, ही नुसती रीत आहे, तुमच्यावर काही येणार नाही.

"माझ्यावर काय यायचं ऱ्हायलंय आता?" तात्या म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मला अक्षर येत न्हाय. वाचा, बाई."

मी वाचलं. तोवर गुरुजी सोडले तर कोणाला काही वाचून दाखवलेलं हे पहिलंच. तात्या मान खाली घालून ऐकत होते. पहिल्या वाक्यावर त्यांनी मला थांबवलं.

"समजावून सांगितलं हुतं?" त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं. खरोखरच आठवत होते. "मला ध्यानात येईना. डोकंच चालंना झालंय. तुमी सांगितलं हुतं का, बाई?"

दत्तू माझ्याकडे बघत होता. वसंतराव खिडकीबाहेर. मला घरातलं दिसलं, भावाची फी, वडलांची खाट, आणि पुढे महिना अखेर. हे कारण म्हणून लिहीत नाही. काय दिसलं ते लिहिते.

मी म्हटलं, "सांगितलं होतं, तात्या."

"मग माझंच चुकलं," ते म्हणाले. "नाव बी माझं, हात बी माझा."

शाईची डबी मी पुढे केली. त्यांचं मनगट मी धरलं. अंगठा कुठे उठवायचा ते त्यांना दिसत नव्हतं, तेही मीच दाखवलं.

नंतर मी इंदापूरला फॉर्म भरताना प्रत्येकाला विचारायला लागले, घेणार कोण, तिला काय त्रास आहे, तिला घेऊन या. लोक वैतागले. मागण्या निम्म्यावर आल्या. वसंतराव म्हणाले, "कुसुमताई, तुम्ही दुकान बंद पाडणार." वर्षभरात शाळेतली जागा निघाली आणि मी सुटले. एजन्सीही फार चालली नाही, पण ती माझ्यामुळे बंद पडली असं म्हणण्याइतकी माझी लायकी नाही.

शाळेत लागल्यावर तीन वर्षांनी, नोकरी कायम होऊन माझं पोट कोणाच्या हातात राहिलं नाही तेव्हा, मी तात्यांच्या वस्तीवर गेले. काय बोलायचं ते गाडीत बसून घोकलं होतं. तात्या, मी काहीही वाचून दाखवलं नव्हतं. तुम्ही सुनेसाठी म्हणालात ते मी ऐकलं होतं. तुम्ही मला सांगितलंत, मी विचारलं नाही. एवढीच तीन-चार वाक्यं.

तात्या छपरात बाजेवर बसले होते. नात मांडीवर होती, चार-पाच वर्षांची, आईसारखीच असेल कदाचित, मी आईला कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मला लगेच ओळखलं. आत आवाज दिला, "बारामतीच्या बाई आल्यात, च्या टाका." माझ्यासाठी कांबळं अंथरलं. दत्तू गोठ्याकडून आला आणि मेढीला टेकून उभा राहिला.

मी म्हटलं, "तात्या, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"तुमी किती सांगायचं, बाई?" ते म्हणाले. मग नातीच्या डोक्यावरून हात फिरवत तिला सांगू लागले. "ह्या बाई लई शान्या. ह्यांनी मला समदं वाचून दावलं हुतं. तात्या, ह्ये करू नगा, दुसऱ्याला देऊ नगा, पयलं डाक्टरला इचारा. हात जोडून सांगत हुत्या. तुझ्या आज्यानंच ऐकलं न्हाय. म्हणून तुझी आय गेली."

त्यांना ते आता आठवत होतं. मी हात जोडलेले त्यांना दिसत होते.

माझं तोंड उघडलं होतं. दत्तूने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि नजर जमिनीकडे वळवली. पोरगी थोडा वेळ आजोबांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग त्यांचा हात बाजूला करून मांडीवरून उतरली आणि आत निघून गेली. तात्यांनी तिला हाक मारली नाही. त्यांना त्याची सवय असावी.

चहा आला. मी तो प्याले आणि साडेचारच्या गाडीने परत आले.